हरायला जागा

रविवारी संध्याकाळी पाच वाजता लातूरच्या उद्योग भवन परिसरातले रस्ते एकदम भरून जातात. वैद्यकीय प्रवेशाच्या नीटचा खरा पेपर दुपारी दोनला सुरू होतो, म्हणून क्लासची साप्ताहिक टेस्टही दोनलाच. तीन तास संपले की गळ्यात ओळखपत्र, पाठीला सॅक आणि हातात प्रश्नपत्रिकेची गुंडाळी घेऊन सोळा-सतरा वर्षांची पोरं बाहेर पडतात. चहाच्या गाड्यापाशी, झेरॉक्सच्या दुकानासमोर, उभ्या मोटारसायकलींना टेकून उत्तरं जुळवणं सुरू होतं. ‘एकशेबारावं काय आलं तुझं?’ ‘बी.’ ‘सी आहे ना रे ते!’ चार गुण गेले, वर एक कापला, म्हणजे पाचाचा फटका. हा हिशेब तोंडीच होतो.

रात्री साडेआठपर्यंत गुण बापाच्या मोबाइलवर पोचलेले असतात. नऊला फोन येतो.

‘किती पडले?’

‘पाचशे चाळीस.’

‘मागच्या वेळी साडेपाचशेच्या पुढं होतास ना?’

‘फिजिक्स टफ होतं, पप्पा.’

‘टफ सगळ्यांनाच असतं की.’

बोलणारा बाप दुष्ट नसतो. औसा, अहमदपूर, गंगाखेड, परळीकडच्या एखाद्या गावात तो दिवसभर शेतात किंवा दुकानात राबलेला असतो. क्लासच्या फीचा पहिला हप्ता त्याने जूनमध्ये भरलेला असतो आणि दुसरा सोयाबीन बाजारात गेल्यावर द्यायचा असतो. पोरगं काय शिकतंय हे त्याला कळत नाही. आकडा मात्र कळतो. त्यामुळे बाप-लेकाच्या बोलण्यात आकड्याखेरीज फारसं काही उरत नाही. या लेखाचा विषय तेवढाच आहे: भरपूर अभ्यास केल्याने पोरं मोडत नाहीत, पण दोन-तीन वर्षं आयुष्यात एकच माप शिल्लक ठेवलं की मोडायला लागतात.

लातूरकर या भागाला ट्यूशन एरिया म्हणतात. उद्योग भवन, मोतीनगर आणि आसपासच्या गल्ल्यांत क्लास, हॉस्टेल, मेस आणि अभ्यासिका एकमेकांना खेटून आहेत. पाट्यांवर ‘कॉट बेसिस’, ‘फक्त मुलींसाठी’, ‘२४ तास पाणी’, ‘शांत वातावरण’. चौकाचौकात फ्लेक्स, त्यावर पांढऱ्या कोटातले हसरे चेहरे आणि चेहऱ्याखाली गुण. दर निकालानंतर चेहरे बदलतात; फ्लेक्सची जागा बदलत नाही.

दुष्काळी गावाने काढलेली वाट

लातूरला हिणवणं सोपं आहे, पुण्या-मुंबईत बसून तर फारच. म्हणून या गावाने काय मिळवलं ते आधी सांगायला हवं. लातूर जिल्हा झाला १९८२ साली, उस्मानाबादमधून वेगळा निघून. राजर्षी शाहू महाविद्यालय १९७० चं. त्याचे संस्थापक प्राचार्य जनार्दन वाघमारे पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. शाहू आणि दयानंद या महाविद्यालयांत पुढच्या काळात जी पद्धत रुजली तिला ‘लातूर पॅटर्न’ हे नाव पडलं. त्यात जादू काही नव्हती. अभ्यासक्रम लवकर संपवायचा, सुट्टीतही तास घ्यायचे, मग सराव परीक्षांमागून सराव परीक्षा, प्रत्येक पेपर तपासून चुका दाखवायच्या. हे करणारे त्याच महाविद्यालयांचे प्राध्यापक होते, आणि पोरगं कोणाचं, कुठल्या गावचं हे त्यांना ठाऊक असायचं.

१९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने ज्या जिल्ह्याला हादरवलं, २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथल्या शेतकऱ्या-शिक्षकांची मुलं बारावीच्या गुणवत्ता यादीत झळकत होती. मराठवाड्याच्या माणसाला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. इथे कारखानदारी बेताची, पाऊस बेभरवशाचा, बापजाद्यांच्या ओळखी मुंबईपर्यंत पोचत नाहीत. डॉक्टर-इंजिनिअर होणं हीच घराला एका पिढीत वर काढणारी खात्रीची वाट.

त्या वाटेवर सरकारी अडथळेही होते. वैद्यकीय प्रवेशात राज्याने ७०:३० चा प्रादेशिक कोटा ठेवला होता. सत्तर टक्के जागा त्या-त्या विभागातल्या मुलांसाठी. पण मराठवाड्यात मुळात महाविद्यालयंच कमी, त्यामुळे इथल्या मुलाला जास्त गुण मिळवूनही हुकल्याचं पाहावं लागे. सप्टेंबर २०२० मध्ये हा कोटा रद्द झाल्याची घोषणा तेव्हाचे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख यांनी केली. ते लातूरचेच आमदार. तेव्हा इथे पेढे वाटले गेले असतील तर त्यात नवल नाही. अन्याय खरा होता.

रुमाल टाकणाऱ्यांची गर्दी

बिघाड कुठे झाला? मला वाटतं, पॅटर्न तोच राहिला आणि त्याच्याखालची परीक्षा बदलली.

बोर्डाच्या परीक्षेत शेजारच्याला पंच्याण्णव मिळाले म्हणून माझे पंच्याण्णव कमी होत नसत. प्रवेशाच्या वेळी चढाओढ असायचीच, पण निकालाच्या दिवशी निदान सगळा वर्ग एकत्र खूश होऊ शकत होता. नीट ही मुळातच क्रमांकाची परीक्षा. २०१३ मध्ये ती पहिल्यांदा झाली, त्याच वर्षी न्यायालयात अडकली, आणि २०१६ पासून देशभर सक्तीने लागू झाली. आता १८० प्रश्न, १८० मिनिटं, ७२० गुण. २०२५ मध्ये २२ लाखांहून अधिक मुलं बसली. देशातल्या एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आतबाहेर आणि सरकारी महाविद्यालयांतल्या साधारण त्याच्या निम्म्या.

अशा परीक्षेत सगळ्यांनी दोन-दोन तास जास्त अभ्यास केला तर काय होतं? गर्दीच्या एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात तसं. पहिल्याने टाकला तेव्हा त्याचा फायदा झाला. सगळेच टाकू लागले की रुमाल वाढतात, सीटा तेवढ्याच राहतात. मेहनत वाढली की पूर्वी गुण वाढायचे. आता मेहनत वाढली की कटऑफ वाढतो.

शिवाय मापाचाही भरवसा नाही. २०२४ मध्ये आधी ६७ मुलांना ७२० पैकी ७२० मिळाल्याचं जाहीर झालं. फेरनिकालानंतर ते १७ उरले. २०२३ मध्ये ज्या गुणांवर चांगलं सरकारी महाविद्यालय मिळत होतं, तेवढ्याच गुणांवरचा क्रमांक २०२४ मध्ये हजारोंनी खाली घसरला. त्या वर्षी पेपरफुटीच्या तपासात लातुरातल्या दोन जिल्हा परिषद शिक्षकांवर गुन्हा दाखल झाला, प्रकरण सीबीआयकडे गेलं आणि ट्यूशन एरियात आठवडे दुसरा विषय नव्हता. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने परीक्षा रद्द करायला नकार दिला. पुढच्या वर्षी पेपर इतका अवघड निघाला की देशात पहिल्या आलेल्या मुलाला ६८६ होते. म्हणजे घाम गाळणाऱ्या पोराला आपण किती उंच उडी मारायची हे उडी मारून झाल्यावर कळतं.

आणि त्या एकेका गुणामागे पैसा आहे. सरकारी महाविद्यालयात वर्षाची फी लाख-दीड लाखाच्या आसपास. खासगीत अनेक पटींनी जास्त, अभिमत विद्यापीठांत वीस लाखांच्याही पुढे. पाच वर्षांचा फरक काढला की तो मराठवाड्यातल्या बऱ्याच कुटुंबांच्या जमिनीच्या किमतीएवढा निघतो. पोरं हा हिशेब रोज करतात. अभ्यासाला बसलेल्या सतरा वर्षांच्या पोराच्या डोक्यात बेंझीनच्या शेजारी घराची दोन एकरं असतात.

पैसा आला तसा बाजारही आला. २०१८ च्या जूनमध्ये लातुरात एका क्लासच्या संचालकाचा गोळ्या झाडून खून झाला, तेव्हा ही स्पर्धा कुठवर गेली आहे हे राज्याला कळलं. मूळ पॅटर्न महाविद्यालयांचा होता. आज तिथे बहुतेकांचं नाव असतं आणि दिवस क्लासमध्ये जातो. हजेरी कागदावर, शिक्षण भलतीकडे. २०१८ मध्ये शासनाने काही विभागांत विज्ञान शाखेच्या अकरावी-बारावीला बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढून पाहिला. ‘इंटिग्रेटेड’ या नावाखाली महाविद्यालय आणि क्लास यांची ही सोयरीक आजही सुरू आहे. सर्वोच्च न्यायालयात, विधानसभेत आणि वर्तमानपत्रांत क्लासच्या मुलांवरच्या ताणाबद्दल कोटाचं नाव जास्त येतं; राजस्थानातल्या त्या शहरात २०२३ मध्ये वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला. पण कोटाची छोटी आवृत्ती आता लातूर, नांदेड, छत्रपती संभाजीनगर, पुणे अशी सगळीकडे आहे.

भाकरी उरते त्या दिवशी

मोतीनगरातल्या एका मेसमध्ये ताण मोजण्याची पद्धत ऐकली. मेस चालवणाऱ्या मावशी चाळिशीच्या, निलंग्याकडच्या. म्हणाल्या, ‘रविवारी सकाळी मी कणीक कमीच मळते. लेकरं जेवतच नाहीत. वरण तेवढं पितात आणि उठतात. सोमवारी ज्याचे कमी आले ते ताट घ्यायलाच येत नाही. मग डबा द्यायचा खोलीवर.’ त्यांच्या मेसमध्ये बारा महिने जिरे-ओव्याचं पाणी उकळलेलं असतं, कारण निम्म्या पोरांचं पोट धड नसतं.

या वयात मनाचा त्रास बहुधा पोटातून, डोक्यातून, पाठीतून बोलतो. पोरगं ‘मला भीती वाटते’ म्हणत नाही. ‘अ‍ॅसिडिटी झालीय’ म्हणतं. मुलींची पाळी लांबते, केस गळतात. गल्लीतला डॉक्टर गोळी देतो, बरं वाटतं, पुढच्या टेस्टच्या आधी पुन्हा सुरू. मानसोपचारतज्ज्ञाकडे जायचं म्हटलं की घरून पहिला प्रश्न येतो: ‘वेड लागलंय का तुला?’

हे चित्र एका शहरापुरतं नाही. एनसीईआरटीने २०२२ च्या सुरुवातीला देशभरातल्या सहावी ते बारावीच्या ३ लाख ७९ हजारांहून अधिक मुलांना विचारलं, तेव्हा ८१ टक्क्यांनी अभ्यास, परीक्षा आणि निकाल ही आपल्या चिंतेची कारणं असल्याचं सांगितलं. शाळेतल्या आयुष्याबद्दल बहुतेक मुलं समाधानी होती, पण माध्यमिक वर्गांकडे सरकताना ते समाधान घटत गेलं.

झोपेचं गणित तर पाटीवर मांडण्यासारखं आहे. सकाळी सातचा क्लास. आंघोळीला नंबर लावायचा म्हणून साडेपाचला उठायचं. दुपारी दोन तास सोडले तर संध्याकाळपर्यंत तास आणि डाउट सॉल्व्हिंग. जेवून अभ्यासिकेत, ती सुटते बाराला. खोलीवर येऊन अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत साडेबारा. पाच तास. अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये १३ ते १८ वयाच्या मुलांसाठी आठ ते दहा तास झोप सांगितली आहे. त्यातून या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकलेलं असतं. मेलाटोनिन उशिरा स्रवतं, त्यामुळे पोरांना रात्री लवकर झोप लागत नाही आणि पहाटे जाग येत नाही. त्याला आपण आळस म्हणतो. दिवसा वाचलेलं पक्कं करायचं काम मेंदू झोपेतच करतो, म्हणजे झोप कापून केलेला अभ्यास आपल्याच मुळावर घाव घालतो. चिंतेचंही तसंच. गणिताच्या पायऱ्या डोक्यात धरून ठेवायला मेंदूची जी जागा लागते, तीच जागा ‘आता काय होणार’ हा विचार व्यापून बसतो. घरी येणारं गणित पेपरात अडतं ते त्यामुळे.

ताण अजिबातच नको असं कोणी म्हणत नाही. थोडा ताण माणसाला जागं ठेवतो, हे मानसशास्त्राने शंभर वर्षांपूर्वीच सांगितलं आहे. पण त्या ताणाला उतार लागतो. शाळेच्या जुन्या वर्षात तो होता: परीक्षा, सुट्टी, मामाचा गाव, परत शाळा. इथे दर रविवारी परीक्षा आहे आणि दर सोमवारी यादी. यादीवरून बॅच बदलते. वरच्या बॅचला ‘स्टार’ किंवा तसलंच काही नाव, चांगले शिक्षक, वेगळी खोली. खालच्या बॅचला जाताना पोरगं नुसतं खोली बदलत नाही. दोस्त बदलतात, बाक बदलतो, मेसमध्ये शेजारी कोण बसणार तेही बदलतं. गावाकडे तो चांगला कबड्डीपटू असेल, भजनात पखवाज वाजवत असेल, आजीचा लाडका असेल. यातलं काहीही इथे कोणाला ठाऊक नसतं. इथे तो पाचशे चाळीस.

ती आणि रिपीटर

अकरावीतली एक मुलगी भेटली, परभणी जिल्ह्यातली. तिला विचारलं, इथे फार ताण येतो का? ती हसली. ‘येतो की. पण इथं मला कुणी भांडी घासायला सांगत नाही. रात्री दहाला मी एकटी चालत खोलीवर जाते. गावात गेले असते का?’

हे उत्तर मी विसरू शकत नाही, कारण ते या विषयावरच्या सोप्या मतांना आडवं जातं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत परभणी जिल्ह्यात वीस ते चोवीस वयाच्या ४८ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शेजारच्या बीडमध्ये हा आकडा ४३ टक्क्यांच्या वर. अशा ठिकाणाहून आलेल्या मुलीसाठी लातूरची दहा बाय दहाची खोली म्हणजे मिळालेली मुदत आहे. ‘अभ्यास करतेय’ हे एकच उत्तर स्थळं थोपवू शकतं. तिच्या लेखी ताणाचं कारण वेगळं आहे. भावाला नंबर लागला नाही तर तो रिपीट करतो. तिला रिपीट मिळेलच असं नाही. पेपर तोच, पण हरल्यावर तिच्यासाठी बंद होणारी दारं जास्त.

रिपीटरची कथा आणखी निराळी. बारावी झालेली, म्हणजे तो शाळेचा नाही. महाविद्यालयाचा नाही. त्याला एनएसएस नाही, गॅदरिंग नाही, वर्गशिक्षक नाहीत. क्लासने दिलेलं ओळखपत्र हीच ओळख. बरोबरची पोरं कुठेतरी दाखल होऊन कॉलेजचे फोटो टाकू लागतात आणि हा त्याच खोलीत तेच पुस्तक तिसऱ्यांदा उघडतो. दिवाळीला गावी जायचं टाळतो, कारण ओट्यावरचा प्रत्येक माणूस ‘काय चाललंय सध्या?’ विचारणार. क्लासही सुट्टी चार दिवसांचीच देतात, त्यामुळे टाळायला कारणही मिळतं. दिवाळीत लातूरच्या कित्येक खोल्यांत फराळाचे डबे पोचलेले असतात आणि पोरगं तिथेच असतं.

दोष कोणाचा, इलाज कोणावर

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या. २०२३ मध्ये १३,८९२. दोन्ही वर्षी राज्यांत सर्वांत वर महाराष्ट्र. या आकड्याकडे सावधपणे पाहायला हवं. त्यात सगळ्या प्रकारचे विद्यार्थी आहेत, नुसते क्लासवाले नव्हेत. २०२२ मध्ये ‘परीक्षेतील अपयश’ या रकान्यात २,२४८ मृत्यूंची नोंद झाली, पण पोलिसांचा रकाना एका शब्दाचा असतो आणि माणूस एका कारणाने इथवर पोचत नाही. आजार, घरातलं भांडण, एकटेपणा, पैसा, सगळं साचत जातं. एक मात्र मानसोपचारातले सगळेच सांगतात: अशा अवस्थेतल्या मुलाशी वेळेवर, थेट, न ओरडता बोललं तर बहुतेकदा तो क्षण टळतो. केंद्र सरकारची टेली-मानस ही हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलते. हा नंबर घराघरात माहीत असावा.

व्यवस्थेचं काय? नोव्हेंबर २०२३ मध्ये क्लासवर नियंत्रण आणा अशी याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली तेव्हा न्यायालयाचं म्हणणं पडलं की अडचण पालकांच्या अपेक्षांमध्ये आहे. जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने मार्गदर्शक सूचना काढल्या: सोळा वर्षांखालच्या किंवा दहावी न झालेल्या मुलांना प्रवेश नको, दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवणी नको, आठवड्याला एक सुट्टी हवी, सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी टेस्ट नको, गुणांवरून बॅचेस नकोत, क्लास सोडला तर उरलेली फी परत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फसव्या जाहिरातींवर नियम आणले. यशस्वी मुलाचा फोटो वापरायला निकालानंतर त्याची लेखी संमती लागते. आणि २५ जुलै २०२५ रोजी, विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात, न्यायमूर्ती विक्रम नाथ आणि संदीप मेहता यांच्या खंडपीठाने देशभरासाठी पंधरा निर्देश दिले. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक हवा, गुणांवरून बॅचेस नकोत, चारचौघांत अपमान नको. क्लास आणि हॉस्टेलही त्यात आले.

वीस महिन्यांत न्यायालयाचं बोट पालकांवरून संस्थांकडे वळलं, हे महत्त्वाचं आहे. पण कागद आणि गल्ली यांत अंतर आहे. पाच तासांचा नियम वाचून ट्यूशन एरियात कोणीही हसेल. महाराष्ट्राने खासगी शिकवण्यांच्या नियमनाचा मसुदा २०१८ मध्येच तयार केला होता. तो वर्षानुवर्षं फाइलीतून बाहेर आला नाही. आणि समुपदेशकाचा पगार क्लासच देणार असेल तर तो पोराला काय सांगणार? ‘दीर्घ श्वास घे, टेन्शन घेऊ नकोस.’ पोरगं श्वास घेतं आणि सोमवारी भिंतीवर आपलं नाव शोधायला जातं.

नुसते तास कापूनही भागत नाही. दक्षिण कोरियात सोल शहराने रात्री दहानंतर शिकवणी वर्ग बंद ठेवायला लावले. तरी २०२४ मध्ये त्या देशाचा खासगी शिकवणीवरचा खर्च २९ लाख कोटी वॉनच्या वर, विक्रमी गेला. चीनने २०२१ मध्ये शालेय विषयांच्या नफ्यातल्या शिकवण्यांवर बंदी घातली, तर त्या घरांच्या बंद दारांआड गेल्या. ज्या समाजात पुढे एकच चिंचोळं दार असतं तिथे नियम लोकांना दाराजवळ जाण्यापासून रोखू शकत नाहीत. आपल्याकडेही दाराजवळची ही गर्दी वाढायला लागली आहे. २०२५ च्या केंद्रीय पाहणीत देशातले २७ टक्के विद्यार्थी शिकवणी लावत असल्याचं दिसलं, शहरात ३०.७ आणि खेड्यात २५.५. खेडं फार मागे नाही.

म्हणून इलाज दाराचा करायला हवा. नीट वर्षातून एकदा, एका रविवारी होते. त्या दिवशी ताप आला की वर्ष गेलं. इंजिनिअरिंगची जेईई मेन २०१९ पासून एकाहून अधिक वेळा देता येते आणि चांगला निकाल धरला जातो. २०२४ च्या गोंधळानंतर इस्रोचे माजी अध्यक्ष के. राधाकृष्णन यांच्या समितीनेही नीटसाठी एकापेक्षा अधिक टप्प्यांचा पर्याय सुचवला. तो मनावर घ्यावा. सरकारी जागा वाढाव्यात आणि सरकारी-खासगी फीमधली दरी कमी व्हावी, म्हणजे एका गुणाला दोन एकरांचं वजन राहणार नाही. नर्सिंग, फिजिओथेरपी, प्रयोगशाळा तंत्रज्ञान, मूलभूत विज्ञान या वाटांवर चांगला पगार आणि मान मिळाला, तर ‘नीटमध्ये नाही झालं म्हणून’ हे शब्द त्यांच्यामागे लागणार नाहीत. क्लासपुरतं बोलायचं तर यादी भिंतीवरून उतरवायला कायदा लागत नाही. गुण मुलाच्या हातात आधी द्यावेत आणि बापाच्या मोबाइलवर एक दिवस उशिरा. दर वीस-पंचवीस पोरांमागे एक माणूस असा हवा ज्याला त्यांची गावं माहीत आहेत. मूळ लातूर पॅटर्नमध्ये तो होता.

उरतं घर. क्लास लावण्याआधी, जूनमध्येच, घरात एका प्रश्नाचं उत्तर ठरायला हवं: नंबर लागला नाही तर पुढच्या जूनमध्ये हे पोर कुठे असेल? कॉलेजचं नाव, कोर्सचं नाव, लागणारा पैसा, रिपीट करायचं की नाही आणि करायचं तर एकदाच की दोनदा, सगळं मुलासमोर. मुलगी असेल तर नंबर लागो न लागो, तिचं शिक्षण थांबणार नाही हे वडिलांनी तोंडाने म्हणायला हवं. आपल्याकडे असं बोलणं अभद्र मानतात. आधीच कशाला अपशकुन? आणि पर्याय दिला तर पोरगं ढिलं पडेल अशी धास्तीही असते. ती निराधार आहे. खाली जमीन आहे हे माहीत असलेलं पोर पेपरात कमी घाबरतं आणि येणारं गणित त्याला येतं.

पोरांना कणखर करा असं सांगणाऱ्यांची कमतरता नाही. पंधराव्या-सोळाव्या वर्षी घर सोडून, परक्याच्या ताटात जेवून, पाच तास झोपून दोन वर्षं काढणारी पोरं आणखी किती कणखर व्हायची? कणखरपणा आता मोठ्यांनी दाखवायचा आहे: यादी न लावणाऱ्या क्लासने, परीक्षा वर्षात दोनदा घेणाऱ्या सरकारने, आणि ‘नाही झालं तरी चालेल’ हे वाक्य निकालानंतर सांत्वन म्हणून नव्हे, तर फी भरण्याच्या दिवशीच म्हणणाऱ्या आई-वडिलांनी.